मिस्टर मागून येताहेत

धाकटीच्या बॅगेत शेवटी जागा उरली नाही ती फक्त धाकटीच्या कपड्यांना.

बाकी सगळं व्यवस्थित मावलं होतं. मेणबत्ती होती, शिट्टी होती, दोरी होती. पोट बिघडलं तर घ्यायच्या गोळ्या होत्या, पोट अडलं तर घ्यायच्या गोळ्या होत्या आणि कुठल्या कुठल्या हे विसरलं तर काय करायचं त्याची चिठ्ठीही होती. परक्या गावातल्या चादरींवर सासूबाईंचा विश्वास नव्हता, म्हणून घरची एक जाडजूड चादर होती. ती बसेना, तेव्हा सासूबाईंनी बॅगेत हात घालून एक लांबट स्पंज उपसून काढला. "आंघोळीचा स्पंज काय न्यायचाय, अगं? दोन दिवस न घासता राहिलीस तर झिजणार नाहीस," असं म्हणून त्यांनी चादर गुडघ्यानं दाबून बसवली. धाकटी त्या वेळी आतल्या खोलीत बटणला भरवत होती. तिनं हे पाहिलं असतं तर ही कथा झालीच नसती.

बटण म्हणजे धाकटीचा मुलगा. वय वर्षं दोन आणि थोडं. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त लसीकरणाच्या कार्डावर वापरतात. आणि धाकटी म्हणजे धाकटी सून. मोठी सून नवऱ्यासकट परदेशी गेली त्याला कितीतरी वर्षं झाली. पण तिचं पद अजून रिकामंच आहे. धाकटीला त्यावर बढती मिळालेली नाही.

बढतीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकायला हवं, कारण सगळं रामायण त्यापायीच घडलं. धाकटी विणकामाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत दुरुस्तीचं काम करत असे. यंत्रं तिच्या टेबलावर यायची, ती बरी करायची, यंत्रं परत जायची. गावोगाव जाऊन यंत्रं दुरुस्त करण्याची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डोंगरातल्या त्या बायकांच्या संस्थेचं यंत्र टाके गाळतंय. एकटीनं जाऊन याल? जमलं तर फिरतीचं काम तुमचं. नाहीतर मी बाहेरचा माणूस घेतो."

"जमेल," असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं. मग तिला आठवलं की लग्नाआधी तिच्याबरोबर भाऊ असायचा, लग्नानंतर नवरा आणि नंतर बटण. एकटीनं ती आजवर फक्त गच्चीवर गेली होती. तेही कपडे वाळत घालायला.

पण तिला ते काम हवं होतं. फार हवं होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं होतं.

बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. आपल्याकडे एखाद्यानं पैसे मागितले तर माणसं दाराआड होतात; सल्ला न मागता मात्र जिने चढून येतात. सासरे स्वतः आयुष्यभर घर ते बँक आणि बँक ते घर एवढाच प्रवास केलेले. त्यांनी चष्मा पुसत नियम सांगितला, "रस्ता तिघांना विचारायचा. ज्या दोघांचं जुळेल तो बरोबर." सासूबाईंनी तिच्या कुर्त्याला कमरेच्या आतल्या बाजूनं एक चोरखिसा शिवला, त्यात फोन आणि पैसे ठेवले आणि तोंडाला सेफ्टी पिन लावली. "आता चोरालाच काय, तुलाही सापडणार नाही," असं त्या अभिमानानं म्हणाल्या. ते शब्दशः खरं ठरायचं होतं.

पण कळस चढवला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. काकू एकट्यानं प्रवास करण्यातल्या अधिकारी व्यक्ती समजल्या जात. कारण त्या एकदा बहिणीकडे एकट्या गेल्या होत्या. मेहुणे स्टँडवर न्यायला आले होते आणि काका स्टँडवर सोडायला गेले होते, पण मधला रस्ता त्यांचा एकटीचा होता.

"एक लक्षात ठेव," काकू खाली बसत म्हणाल्या. "एकट्याच का, असं कुणी विचारलं तर हो म्हणायचं नाही. म्हणायचं, मिस्टर मागून येताहेत. संपलं. पुढचं कुणी विचारत नाही."

"आणि विचारलंच, कसे दिसतात म्हणून?"

काकूंनी दारात उभ्या असलेल्या धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बारीक, गुळगुळीत दाढीचा, हातात बटणचा ओला पायजमा. काकूंनी विचार करून सांगितलं, "धिप्पाड सांग. मिशीवाले. खरं वर्णन केलंस तर कुणी घाबरायचं नाही."

नवरा पायजमा घेऊन आत गेला.

निघताना बटण रडला नाही. तो फक्त "मी पन" म्हणाला. धाकटीनं त्याला समजावलं, तो नीट ऐकून घेतल्यासारखा मान हलवत राहिला आणि शेवटी पुन्हा म्हणाला, "मी पन." रिक्षात बसल्यावर धाकटीनं रस्त्याकडे तोंड करून डोळे पुसले. रिक्षावाला समजूतदार होता. त्यानं आरसा वर केला.

पहिली बस सरळ गेली. मोठ्या स्टँडवर दुसरी, डोंगरात जाणारी बस धरायची होती. धाकटीनं सासऱ्यांच्या नियमाप्रमाणे तिघांना विचारलं. एकानं डावीकडे दाखवलं, दुसऱ्यानं उजवीकडे, तिसरा म्हणाला, "मीही तीच शोधतोय." नियम तिथंच संपला. बस समोरच उभी होती हे तिला नंतर दिसलं.

खिडकीजवळच्या जागेवर एक मावशी तीन पिशव्यांसह बसल्या होत्या. त्यांनी दोन पिशव्या मांडीवर घेऊन धाकटीला जागा केली, बिस्किटाचा पुडा पुढे केला आणि अगदी मायेनं विचारलं, "एकट्याच का?"

धाकटीच्या पाठीत जणू कुणी चावी फिरवली. "मिस्टर मागून येताहेत," ती म्हणाली.

आता काकूंच्या मते संवाद इथं संपायला हवा होता. पण काकूंनी गृहीत धरलं होतं की परक्या मुलखातली माणसं लबाड असतात. ती चांगली निघाली तर काय करायचं, याबद्दल त्यांचा काही सल्ला नव्हता. मावशींचा चेहरा एकदम काळजीनं भरून आला. पुढे ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं.

"अहो कंडक्टर!" मावशी उभ्या राहिल्या. पिशव्या खाली पडल्या. "थांबवा गाडी! ह्यांचे मिस्टर यायचेत!"

"कुठायत?" कंडक्टर.

"मागे!" मावशी.

साऱ्या बसनं मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"पाणी आणायला गेले असतील," एक प्रवासी म्हणाला. "नाहीतर तिकडे," दुसऱ्यानं स्वच्छतागृहाकडे बोट केलं आणि तो स्वतःच उठून बघायला गेला. कंडक्टरनं धाकटीला विचारलं, "दिसायला कसे आहेत?"

सांगून टाकावं, असं धाकटीला खरोखर वाटलं. पण सारी बस तिच्याकडे इतक्या आपुलकीनं बघत होती की 'मी खोटं बोलले' हे तीन शब्द तोंडाबाहेर पडेनात. "धिप्पाड," ती बारीक आवाजात म्हणाली. "मिशा आहेत."

थोड्याच वेळात चौकशीच्या खिडकीतून भोंगा गरजला. "मिशा असलेल्या धिप्पाड गृहस्थांनी ताबडतोब डोंगराकडे जाणाऱ्या बसकडे यावे. आपली पत्नी वाट पाहत आहे." मिशा असलेले चार गृहस्थ आले. त्यातले दोघे उत्सुक दिसत होते. कंडक्टरनं चौघांनाही बसच्या दाराशी उभं करून धाकटीला विचारलं, "यातले कोणते?"

"यातले नाहीत," धाकटी म्हणाली. "जाऊ द्या. ते पुढच्या बसनं येतील."

"पुढची बस उद्या!" सारी बस एका सुरात म्हणाली.

वरातीमागून घोडं येतं हे धाकटीनं लहानपणापासून ऐकलं होतं. इथं वरात घोड्यासाठी खोळंबली होती आणि घोडं मुळात नव्हतंच.

शेवटी बस निघाली. वाटेत मावशींनी मिस्टरांची तब्येत, स्वभाव, खाण्यापिण्याच्या आवडी वगैरे विचारून घेतलं आणि धाकटीनं एकेक उत्तर देत त्या न जन्मलेल्या माणसाला हाडामांसाचं केलं. त्याला गुडघेदुखी दिली. दुपारी झोपायची सवय दिली. तापटपणा द्यावा की नाही या विचारात असतानाच तिच्या पोटातून घंटी वाजली.

फोन. चोरखिशात. सेफ्टी पिनच्या आत, कुर्त्याच्या आत, भरलेल्या बसमध्ये.

"मिस्टरांचा असेल!" मावशी ओरडल्या. "उचला, उचला!" मागच्या तीन रांगा उभ्या राहिल्या. आता एखाद्या सभ्य स्त्रीनं चार लोकांत कुर्त्यात कोपरापर्यंत हात कसा घालावा? धाकटीनं कापडावरूनच बटण दाबलं. घंटी थांबली. पुन्हा वाजली. तिनं पुन्हा दाबलं, जरा जास्तच वेळ, आणि फोन मरून गेला.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भांडलात होय?"

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. शांत राहणं म्हणजे होकार असतो हे तिला माहीत होतं, पण बोलण्याचे परिणामही ती सकाळपासून बघत होती. मागच्या रांगांत बातमी सरकत गेल्याचं तिला ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच उतरून गेला असणार." कुणीतरी म्हणालं, "मिशीवाले हट्टी असतात."

संस्थेच्या अध्यक्षबाई उतरायच्या जागी न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या, खांद्यावर लोकरीची शाल. धाकटीनं तोंड उघडायच्या आतच मावशींनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सगळी हकिगत सांगून टाकली. अध्यक्षबाईंनी ती शांतपणे ऐकली आणि एकदा धाकटीकडे बारकाईनं पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी दोन पानं वाढली. एक धाकटीसमोर. दुसऱ्यावर ताट उपडं घालून ठेवलं. "येतील तेव्हा जेवतील," असं म्हणाल्या.

"बाई, मला एक सांगायचं होतं..."

"आधी जेवा. गार होतंय."

जेवताना दर घासाला ते झाकलेलं पान धाकटीकडे बघत होतं. घरी फोन लावावा म्हणून तिनं चोरखिसा उघडून पाहिला तर डोंगरात रेंज नव्हती. संस्थेचा फोन कार्यालयात होता आणि कार्यालय सकाळी उघडणार होतं. बटण या वेळी झोपायच्या आधी पाण्याचा पेला मागतो. पितो एक घोट, बाकी उशीवर. हे घरात कुणाला माहीत असेल की नाही, याचा विचार करत ती घरच्या चादरीवर आडवी झाली. चादरीला घरचा वास होता. कपड्यांना जागा न ठेवल्याबद्दलचा सासूबाईंवरचा तिचा राग थोडा कमी झाला.

तो सकाळी परत आला. चांगला दुपटीनं.

सकाळी यंत्र उघडल्याबरोबर धाकटीला रोग कळला. या यंत्रात सुयांची लांब रांग असते आणि त्या रांगेवर स्पंजची एक पट्टी सुयांना दाबून धरते. इथली पट्टी वर्षानुवर्षं दबून कागदासारखी झाली होती. सुया वर तरंगत होत्या आणि टाके गळत होते. संस्थेच्या दहाबारा बायका भोवती उभ्या होत्या. शाळांचे मफलर विणायचे होते, माल थोड्याच दिवसांत जायचा होता.

"साधं आहे," धाकटी अधिकारानं म्हणाली. "नवी पट्टी आणलीय मी." तिनं बॅग उघडली. मेणबत्ती निघाली. दोरी निघाली. शिट्टी निघाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुरुस्तीला शिट्टी कशाला लागते, असं एकीनं हळूच विचारलं. मग गोळ्या निघाल्या, चिठ्ठी निघाली आणि बॅगेचा तळ लागला.

धाकटी तडक कार्यालयात गेली. मागून अध्यक्षबाई आणि सगळ्या बायका. तिनं घरी फोन लावला.

"अगं, होतीस कुठं!" पलीकडून सासूबाईंचा आवाज इतका मोठा होता की फोन नसता तरी आला असता. "काल दोनदा वाजवला, दोनदा कापलास, मग बंदच! आम्ही काय समजायचं?"

"आई, माझ्या बॅगेतला स्पंज कुठंय? लांबट?"

"तो? तो बटणच्या आंघोळीला घेतला. फार छान फेस होतो गं त्याला."

धाकटीनं भिंतीचा आधार घेतला. "बरं. बटण कसा आहे?"

"बटण इथं कुठंय! त्याला घेऊनच तर तो निघालाय, तुझ्या मागून! मिळेल त्या गाडीनं येतोय. म्हटलं एकटा जा, तर बटण त्याच्या गळ्याला मिठी मारून 'मी पन'!"

धाकटीनं फोन ठेवला. सगळ्या जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अख्ख्या प्रवासातलं पहिलं खरं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"मिस्टर," ती खोल आवाजात म्हणाली, "मागून येताहेत."

"अहो, तेच तर तुम्ही कालपासून सांगताय," बायका म्हणाल्या.

इतक्यात खाली बसचा हॉर्न वाजला. एकदा नाही, सात-आठ वेळा, वाजतगाजत. कालचाच कंडक्टर जिना चढून आला. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज. मागे मावशी, त्या खास बातमी ऐकून पुढच्या थांब्याजवळच्या घरातून धावत आल्या होत्या. आणि मधोमध, दंडाला धरलेला, एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचा, घामानं थबथबलेला गृहस्थ. हातात चौकोनी पेटी.

"आणले!" कंडक्टर म्हणाला. "सकाळी स्टँडवरच उभे होते. म्हटलं चला, बाई वाट बघताहेत. पुढच्या सीटवर बसवून आणलंय. मध्ये उतरू दिलं नाही."

"हे माझे मिस्टर नाहीत," धाकटी म्हणाली.

"मी ह्यांचा मिस्टर नाही," गृहस्थ म्हणाला.

मावशींनी मान हलवली. "बघा. अजून राग गेला नाही दोघांचा."

"बाई, मी कुलपं विकतो हो!" गृहस्थ रडकुंडीला आला. "इथं दुकानदारांकडे यायचंच होतं मला. कंडक्टर म्हणाले, सगळं गाव तुमची वाट बघतंय. मला वाटलं, कुलपांना मागणी आहे."

"गुडघा दुखतो का तुमचा?" मावशींनी एकदम विचारलं.

"दुखतो," कुलपवाला गोंधळून म्हणाला. "जिने चढले की."

"दुपारी झोपता?"

"वेळ मिळाला तर..."

"मग?" मावशींनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. एका बाईनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं. दुसरीनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "संसारात होतं असं. माझे तर दोनदा गेलेले, दोनदा आले." एकीनं कुलपवाल्याला खुर्ची दिली आणि दटावलंही, "असं बाईला एकटं टाकून जातात का?" तो बिचारा "नाही" म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं?

धाकटीचं डोकं बधिर झालं होतं. पट्टी नाही. यंत्र बंद. फिरतीचं काम तर गेल्यातच जमा. आणि पदरात एक परका नवरा. ती नुसती बघत राहिली. बघता बघता तिची नजर कुलपवाल्याच्या पेटीवर गेली. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यानं ती उघडली होती. आत नमुन्याची कुलपं ओळीनं निजली होती आणि त्यांच्याखाली, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्पंज होता. घट्ट, नवाकोरा, बोटभर जाडीचा.

"तुमचा स्पंज द्याल?" ती म्हणाली.

"काय?"

"पेटीतला. लांब पट्ट्या कापून घेईन. त्या बदल्यात मी सगळ्यांसमोर शपथेवर सांगेन की तुम्ही माझे मिस्टर नाही."

कुलपवाल्यानं कुलपं टेबलावर ओतली. एवढ्या झटकन कुठलाच सौदा त्याच्या आयुष्यात झाला नसेल.

त्यानंतरचा वेळ धाकटीचा होता. तिथं कुणाचा सल्ला नव्हता. तिनं जुनी पट्टी ओढून काढली, खाच पुसली, स्पंज मापानं कापला, दोन तुकडे टोकाला टोक लावून बसवले, यंत्राच्या डब्यातल्या सुट्या सुया घेऊन वाकड्या सुया एकेक करून बदलल्या. कुलपवाला लोकर गुंडाळलेले शंकूसारखे कोन हातात धरून उभा राहिला, कारण त्याला कुणी जाऊच देईना. धाकटीनं यंत्रावरची सरकती मूठ ढकलली. ती सरसरत डावीकडे गेली, उजवीकडे आली. एक ओळ. दुसरी ओळ. बायका वाकून बघत होत्या. एकही न गळता टाके खाली उतरत होते, दाट, सरळ, एकाखाली एक.  धाकटीला छातीत काहीतरी मोठं होत गेल्यासारखं वाटलं. हे मला येतं, असं तिला वाटलं. हे मला एकटीला येतं.

"आई!"

दारात एक बारीक, गुळगुळीत दाढीचा माणूस उभा होता. केस पिंजारलेले, शर्टाला दुधाच्या गाडीचा वास, पायात वेगवेगळ्या चपला, कडेवर बटण.

"हे कोण?" कंडक्टरनं कडक आवाजात विचारलं.

"मी ह्यांचा नवरा."

"छे!" मावशी म्हणाल्या. "ते धिप्पाड आहेत. शिवाय ते कधीच आले." त्यांनी कुलपवाल्याकडे बोट दाखवलं. कुलपवाल्यानं कोन पोटाशी घट्ट धरले. धाकटीच्या नवऱ्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काकूंनी पाहायला हवं होतं.

प्रश्न बटणनं सोडवला. तो बापाच्या कडेवरून घसरला, दहाबारा बायकांच्या पायांमधून वाट काढत आला, धाकटीच्या गुडघ्याला मिठी मारून वर बघत म्हणाला, "मी पन."

धाकटी खाली बसली. त्याला जवळ घेतलं. त्याच्या मानेला लोकर, धूळ आणि तिच्या हरवलेल्या पट्टीचा, म्हणजे साबणाचा, वास येत होता. त्याच्या मानेतच तोंड लपवून ती बोलली, कारण तोंड वर करून ते बोलणं शक्य नव्हतं. "मी एकटीच आले होते. मागे कुणीच नव्हतं. मला घरून सांगितलं होतं तसं म्हणायला. मी खोटं बोलले."

 कंडक्टरला सगळ्यात जास्त लागलं होतं. "म्हणजे मी काल गाडी कुणासाठी थांबवली?" तो म्हणाला. "भोंग्यावर सांगायला लावलं. चार माणसं उभी केली!"

 मावशींनी दुपारची झोप आणि गुडघेदुखी मनावर घेतली होती.

मग अध्यक्षबाई हसल्या. आधी शालीत, मग शालीबाहेर. "मला काल बसपाशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मीही मोठ्या गावी मालाचे पैसे आणायला एकटी जाते. बाजूची बाई विचारते, एकट्याच का? मी म्हणते, मिस्टर मागून येताहेत. मला माझ्या आईनं शिकवलंय." त्यांनी शाल सारखी केली. "ते वारले त्याला नऊ वर्षं झाली. अजून मागूनच येताहेत."

 मावशींनी नाक पुसलं, पुढे होऊन अध्यक्षबाईंचा हात धरला आणि मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "पण गुडघा कशाला दिलास गं त्यांना? रात्रभर मला त्यांच्या गुडघ्याची काळजी!"

त्यावर सगळ्याच हसल्या. कंडक्टर सोडून.

अध्यक्षबाईंनी लगेच कार्यालयात जाऊन साहेबांना फोन लावला, सगळ्यांसमोर. "साहेब, यंत्र चाललं. हो, उत्तम. पुढच्या खेपेलाही ह्यांनाच पाठवा. फक्त एक विनंती आहे. एकट्यांनाच पाठवा. मिस्टर बरोबर असले की फार धावपळ होते. हो ना, हरवतात. नाही नाही, सापडले. एक जास्तच सापडला."

"मी कधी हरवलो?" धाकटीच्या नवऱ्यानं हळूच विचारलं.

"काल दुपारपासून," धाकटी म्हणाली. "तुझ्या दोन्ही चपला वेगळ्या आहेत."

"माहितीय. तुझा फोन बंद झाल्यावर ज्या मिळाल्या त्या घातल्या." मग थोडं थांबून, कुलपवाल्याकडे बघत तो म्हणाला, "तुला मिशा आवडतात का?"

परतीच्या बसकडे धाकटी पुढे निघाली, बॅग एका हातात, कारण आता ती हलकी होती. दोरी, मेणबत्ती आणि शिट्टी तिनं संस्थेला भेट दिली होती. कुलपवाला गावातच राहिला; त्याला खरंच गिऱ्हाईक मिळालं होतं. दरेक बाईला त्या माणसाकडून एक तरी कुलूप घ्यावंसं वाटत होतं. मावशी बहिणीकडे चालल्या होत्या, त्यांनी खिडकीजवळची जागा धरली आणि पिशव्या मांडीवर घेतल्या. धाकटी शेजारी बसली. मागे वळून पाहते तर रस्त्याच्या कडेला एक कोंबडी आपली पिल्लं घेऊन चालली होती, बटण तिच्यापुढे उकिडवा बसला होता आणि नवरा त्याला उठवण्याचे सर्व सनदशीर मार्ग वापरून बघत होता.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. तिच्यापाशी थांबला.

"एकट्याच का?" तो खवचटपणे म्हणाला.

"नाही हो," धाकटी म्हणाली. "मिस्टर मागून येताहेत."

कंडक्टरनं तिच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं, हात वर केला आणि सावकाश, चवीचवीनं, दोनदा घंटी वाजवली. बस सुटली.

"अहो, खरंच! आज खरंच येताहेत!"

सारी बस हसली. कुणीही उठलं नाही. फक्त मावशींनी तेवढी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. धुळीतून एक माणूस धावत येत होता, खांद्यावर एक मूल, पायात दोन जातींच्या चपला, आणि ते मूल हवेत हात उंचावून मोठ्यांदा ओरडत होतं, "मी पन! मी पन!"

मावशींनी पिशव्या बाजूला ठेवल्या.

"थांबवा हो गाडी," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला खरे दिसताहेत. धिप्पाड नाहीत."